कबुली देऊन दंड भरला, आता ते मिटवायचंय: अपील, रिव्हिजन की हायकोर्ट?

एका वाचकाने लिहिलं आहे: "मे २०१२ मध्ये बांधाच्या वादातून आमचं आणि चुलत काकांचं भांडण झालं. मी बारावीची परीक्षा देऊन घरीच होतो. वडील, मोठा भाऊ आणि मी अशा तिघांवर भादंवि कलम ३२३, ५०४, ५०६ आणि ३४ खाली केस झाली. तारखांना कंटाळून, वकिलांच्या सांगण्यावरून, १७ डिसेंबर २०१३ रोजी तिघांनीही तालुका कोर्टात गुन्हा कबूल केला. कोर्ट उठेपर्यंत कैद आणि प्रत्येकी १,५०० रुपये दंड झाला. दंड भरला, घरी आलो, विषय संपला असं समजलो. आता माझी सरकारी नोकरीत निवड झाली आहे आणि साक्षांकन नमुना, म्हणजे पूर्वीच्या केसेस विचारणारा फॉर्म, भरायचा आहे. एक वकील म्हणतात हायकोर्टात ४८२ टाका, दुसरे म्हणतात अपील करा. एक नातेवाईक सांगतात, त्याच कोर्टात अर्ज द्या, नाव निघून जाईल. काकांशी आता संबंध चांगले आहेत. कोणता रस्ता धरू?"

नमस्कार. आधी थेट उत्तर देतो. तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून तुमचा रस्ता सत्र न्यायालयातल्या फौजदारी रिव्हिजनचा, म्हणजे खालच्या कोर्टाचा निकाल कायदेशीर आहे का हे वरच्या कोर्टाने तपासावं अशा पुनरीक्षण अर्जाचा आहे आणि त्यासोबत विलंब माफीचा अर्ज द्यावा लागेल. पण कागदावर सही करण्याआधी एक तारीख तपासा: तुमची जन्मतारीख. बारावीची परीक्षा दिलेला मुलगा मे २०१२ मध्ये सतराचा असू शकतो किंवा अठराचा. घटनेच्या दिवशी तुमची अठरा वर्षं पूर्ण झालेली नसतील, तर ती केस त्या कोर्टात चालायलाच नको होती, ती बाल न्याय मंडळापुढे जायला हवी होती. मोजायचं ते घटनेच्या दिवशीचं वय. शिक्षेच्या दिवशी तुम्ही अठरा ओलांडली होती, याने काही बिघडत नाही.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९(२) प्रमाणे "त्या वेळी मी बालक होतो" हा मुद्दा कुठल्याही न्यायालयात, कुठल्याही टप्प्यावर, अगदी केस अंतिमतः निकाली निघाल्यावरही मांडता येतो. जुन्या कायद्यातही २००६ च्या दुरुस्तीने ही सोय आली होती. ती किती खरी आहे, याचं उदाहरण पुण्यातलंच आहे. १९९४ च्या एका खून खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याचं वय गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षं होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये शाळेच्या दाखल्यावरून मान्य केलं आणि त्याला सोडलं. तोवर त्याची अपील, फेरविचार वगैरे सगळं होऊन गेलं होतं.

पुराव्याचा क्रम कायद्यानेच, कलम ९४ मध्ये, ठरवून दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. तिशीतल्या माणसाचं सतराव्या वर्षीचं वय हाडांवरून नेमकं सांगता येत नाही, म्हणून ती वेळ येऊच देऊ नका. शाळेतून फक्त शाळा सोडल्याचा दाखला आणून थांबू नका, तर पहिलीत नाव घातलं त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा घ्या. दोन शाळांच्या नोंदीत फरक निघाला की सरकारी वकील तिथेच बोट ठेवतात, त्यामुळे फरक असेल तर तो तुम्हाला आधी कळलेला बरा. आधार कार्ड जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालणार नाही. आणि वयाच्या चौकशीत नुसतं शपथपत्र पुरत नाही, कायदा तसं स्पष्ट म्हणतो. मुख्याध्यापक किंवा लिपिक मूळ रजिस्टर घेऊन साक्षीला यावे लागतात.

वय सिद्ध झालं तरी ऑर्डर दोन प्रकारची होऊ शकते. कधी सगळा निकालच रद्द होतो, कधी दोष तसाच ठेवून फक्त शिक्षा रद्द होते. म्हणून अर्जातल्या विनंतीच्या परिच्छेदात वेगळं वाक्य हवंच: अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे या निकालामुळे कोणतीही अपात्रता लागणार नाही, असं जाहीर करावं. हे वाक्य राहिलं तर केस जिंकूनही नेमणूक देणाऱ्या कार्यालयात पुन्हा वाद घालत बसावं लागतं.

आता वय अठराच्या वर निघालं असं धरून चालू. इथून पुढे कोणता अर्ज, हे शेवटच्या ऑर्डरमध्ये नेमकं काय लिहिलं आहे त्यावर ठरतं. तुम्हाला मिळालेले तिन्ही सल्ले फाईल न उघडता दिलेले दिसतात. म्हणून पहिलं काम नकलेचं. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर तालुका निवडून पक्षकाराच्या नावाने शोधा, केस नंबर मिळेल. नाही मिळाला तर पोलीस ठाण्याच्या गुन्हा रजिस्टर नंबरवरून कोर्टातला लिपिक काढून देतो. मग नक्कल विभागात अर्ज देऊन सही-शिक्क्याच्या नकला मागा: निकाल, पूर्ण रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद), दोषारोपपत्र, आणि तुमचा जबाब नोंदवलेला कागद, ज्याला कोर्टात सगळे 'प्ली' म्हणतात. बहुतेक जण फक्त निकालाची नक्कल घेऊन येतात. कबुलीच्या केसमध्ये निकाल पानभराचा असतो, त्यात काही सापडत नाही. तुमची केस त्या प्लीच्या कागदात आहे.

जुन्या किरकोळ केसांचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात, म्हणून हा अर्ज याच आठवड्यात द्या. "कागद नष्ट झाले" असं उत्तर आलं तर ते लेखी घ्या. मग पोलीस ठाण्यातली प्रत, तेव्हाच्या वकिलांकडची फाईल, कोर्टाच्या रजिस्टरमधली नोंद यावर काम भागवावं लागेल. प्लीचा कागदच नसला तर कोर्ट सगळं रीतसर झालं असावं असं गृहीत धरतं आणि ते गृहीतक मोडणं अवघड जातं.

निकाल हातात आला की सर्वात आधी शेवटची ओळ वाचा. लोकअदालतीत तडजोड झाली असेल तर तो दोषमुक्तीसारखा निकाल असतो, आव्हान द्यायचं कारणच उरत नाही. फक्त पोलिसांची नोंद दुरुस्त करून घ्यायची. आणि निकालात 'प्ली बार्गेनिंग', म्हणजे कमी शिक्षेच्या बदल्यात रीतसर ठरवून दिलेली कबुली, असा शब्द असेल तर रस्ता साफ बदलतो. जुलै २००६ पासून कायद्यात आलेल्या त्या तरतुदीखाली दिलेल्या निकालावर अपील नाही. फक्त सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका किंवा हायकोर्टात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६, २२७ खाली याचिका. तुमच्या वर्णनावरून ही साधी कबुली दिसते, पण डोळ्यांनी पाहून खात्री करा.

साधी कबुली असेल तर अपील का नाही? फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३७५, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४१६, सांगतं की गुन्हा कबूल केल्यावर दंडाधिकाऱ्याच्या निकालावर फक्त शिक्षा जास्त आहे किंवा बेकायदा आहे एवढ्यापुरतं अपील चालतं. तुम्हाला शिक्षेचं दुखणं नाही, ती भोगून झाली. तुम्हाला दोषी ठरवल्याचंच दुखणं आहे आणि त्यावर अपील नाही. म्हणूनच रिव्हिजन उघडी राहते. उलट ज्या निकालावर अपील करता येत होतं आणि केलं नाही, त्यावर त्याच माणसाची रिव्हिजन ऐकली जात नाही, असं कलम ४०१(४), नवं ४४२(४), म्हणतं. एका दाराला कुलूप असेल तरच दुसरं उघडतं, अशी ही रचना आहे. चुकीच्या समजुतीतून रिव्हिजन दाखल झाली असेल तर तीच अपील म्हणून चालवण्याची मुभा पोटकलम ५ मध्ये आहे. तशी पर्यायी विनंती एका ओळीत घालून ठेवावी.

कबुली न देता, साक्षी होऊन, भांडून ज्यांना शिक्षा झाली आहे त्यांनी मात्र हे उलटं वाचावं. त्यांच्यासाठी सत्र न्यायालयात अपील, मुदत ३० दिवस. ते अपील फेटाळलं गेलं असेल तर हायकोर्टात रिव्हिजन, मुदत ९० दिवस.

आता हायकोर्टातल्या कलम ४८२ बद्दल, म्हणजे नव्या संहितेतल्या ५२८ बद्दल. हा अंगभूत अधिकार आहे, त्याला मुदत नाही, म्हणून तो मोह होतो. पण कायद्यात नेमका मार्ग दिलेला असताना हायकोर्ट हा अधिकार वापरायला तयार नसतं, पहिलाच प्रश्न येतो: रिव्हिजन का केली नाही? आणि मुदत नाही म्हणून बारा वर्षांचा उशीर कोणी विचारत नाही, असंही नाही. रिट याचिकेचंही तेच. न्यायालयाच्या निकालाने मूलभूत हक्काचा भंग होतो असं म्हणून अनुच्छेद ३२ खाली जाता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी नरेश श्रीधर मिरजकर प्रकरणात १९६६ सालीच सांगून ठेवलं आहे. नातेवाईकांचा सल्ला तर सोडूनच द्या. निकालावर सही झाली की त्या कोर्टाला लेखनातली चूक सोडून काहीही बदलता येत नाही. कलम ३६२, नवं ४०३. ठरावीक वर्षं गेली की शिक्षा आपोआप पुसली जाते, हाही गावोगावचा समज आहे. प्रौढ आरोपीसाठी असा कायदा आपल्याकडे नाही.

रिव्हिजन सत्र न्यायालयात करता येते तशी थेट हायकोर्टातही, पण दोन्हीकडे नाही. एकाची निवड केली की दुसरीकडची रिव्हिजन बंद. माझं मत स्पष्ट आहे: सत्र न्यायालयात जा. फाईल त्याच जिल्ह्यातून मागवली जाते, वयाची चौकशी करायला किंवा तक्रारदाराला हजर करायला सोपं जातं, आणि तिथे नकार आला तर हायकोर्टातला तो अरुंद ५२८ चा झरोका तरी शिल्लक राहतो.

सगळ्यात जड भाग उशिराचा. निकालाचा दिवस सोडून ९० दिवस मोजले की तुमची मुदत १७ मार्च २०१४ ला संपली. त्यानंतरचा प्रत्येक दिवस मोजून एकूण विलंब दिवसांच्या आकड्यात लिहा, "सुमारे अकरा-बारा वर्षं" असं मोघम नको. नक्कल मिळायला लागलेला वेळ वजा होतो, पण मुदतीत अर्ज दिला असता तर. आज काढलेल्या नकलेने जुने दिवस कमी होत नाहीत. अर्ज मुदत कायद्याच्या कलम ५ खाली असतो आणि त्यात 'पुरेसं कारण' दाखवायचं असतं. "कायदा माहीत नव्हता" हे एकटं कारण टिकत नाही. "निकालच माहीत नव्हता" हे तर लिहूच नका. दंडाच्या पावतीवर आणि प्लीवर तुमची सही आहे, ती फाईल न्यायाधीशांसमोर उघडी असते. जे खरं आहे तेच लिहा: तेव्हाचं वय, कबुलीचे परिणाम कोणी समजावले नव्हते, दंड भरून प्रकरण संपलं अशी समजूत, निवडीचं पत्र अमुक तारखेला आलं, नमुना वाचल्यावर कळलं, अमुक तारखेला नकलेचा अर्ज दिला, अमुक तारखेला वकीलपत्र दिलं. कळल्यापासूनच्या दिवसांत एकही भगदाड राहू देऊ नका. जुनी बारा वर्षं कोर्ट कधी समजून घेतं. नोकरीचं पत्र हातात आल्यावर घालवलेले सहा महिने समजून घेत नाही. जुन्या वकिलांवर सगळा दोष ढकलण्याचा मोहही टाळा, तो आरोप सिद्ध करायला तुमच्याकडे शब्दाशिवाय काही नाही.

विलंब माफ झाला की मुख्य मुद्दा: कबुली कायदेशीर होती का? तुमची समन्स केस होती, कारण ५०६ खाली साधी धमकीच असेल तर तिन्ही कलमांना दोन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा नाही. अशा केसमध्ये कलम २५१ प्रमाणे गुन्ह्याचा तपशील आरोपीला सांगायचा असतो आणि कलम २५२ प्रमाणे कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत लिहायची असते. आता प्लीचा कागद समोर ठेवा. छापील नमुना आहे का? तिघांच्या उत्तरात तेच एक वाक्य, "गुन्हा कबूल आहे", एकाच अक्षरात उतरवलेलं आहे का? तपशिलाच्या जागी नुसती कलमं आहेत की कोणी कोणाला कशाने मारलं हे लिहिलं आहे? एका ठिकाणी "झटापट झाली" असं उत्तर असेल तर ती धमकी दिल्याची कबुली होत नाही. वकिलांनी पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, दिली आणि त्यावरच निकाल झाला असेल तर तोही मुद्दा. रोजनाम्यात त्याच दिवशी आधी काय नोंद आहे तेही पाहा: साक्षीदार हजर होते का, वेळ मागितला होता का. थोडक्यात सोडतो असं सांगून घेतलेली कबुली मान्य करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने कासमभाई शेख विरुद्ध गुजरात राज्य या १९८० च्या निकालात सांगितलं आहे. पण तसं सांगितलं गेलं होतं हे कागदावरून किंवा परिस्थितीवरून दिसायला हवं.

या मुद्द्यावर जिंकण्यात एक धोका आहे आणि तो तुम्हाला आधीच माहीत असायला हवा. कबुली रद्द झाली की केस संपत नाही. ती पुन्हा चालवायला तालुका कोर्टात पाठवली जाऊ शकते. म्हणजे नेमणुकीच्या तोंडावर "दोषी" ऐवजी "खटला प्रलंबित". पुन्हा चौकशीला न पाठवता निकाल द्यावा, अशी विनंती जरूर करा, मात्र ती मान्य होईलच असं नाही.

म्हणून तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं वाक्य शेवटचं आहे: काकांशी संबंध चांगले आहेत. ३२३, ५०४ आणि ५०६ खालची साधी धमकी हे गुन्हे तडजोडीस पात्र आहेत आणि कलम ३२०(६), नवं ३५९, रिव्हिजनच्या टप्प्यावरही कोर्टाच्या परवानगीने तडजोड करू देतं. अशा तडजोडीचा परिणाम कायद्याच्या शब्दांत दोषमुक्ती. फेरखटला नाही, साक्षी नाहीत. मात्र ज्याला ज्याला मार लागला किंवा धमकी दिली गेली त्या प्रत्येकाची सही लागते, एकट्या काकांची नाही. दोषारोपपत्रातून जखमींची नावं काढून यादी करा. त्यांच्यापैकी कोणी वारलं असेल तर त्यांचे कायदेशीर वारस कोर्टाच्या संमतीने सही करू शकतात. आणि तुमच्या केसमध्ये ३२४ नाही ना, हे निकालात पुन्हा बघा. घटना २०१२ ची आहे आणि २००९ च्या अखेरीपासून ३२४ तडजोडीच्या यादीतून निघालं आहे. ते असलं तर मात्र हायकोर्टातल्या ५२८ ला खरंच अर्थ येतो. शिक्षा झाल्यानंतरही गंभीर नसलेल्या खासगी वादात हायकोर्ट तडजोडीवरून कारवाई रद्द करू शकतं, हे रामगोपाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या २०२१ च्या निकालाने स्पष्ट झालं आहे.

चौथी आणि शेवटची पर्यायी विनंती: परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम, १९५८. दोन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात, आधीची शिक्षा नसेल तर, कलम ३ खाली समज देऊन सोडता येतं; कलम ११ प्रमाणे हा आदेश रिव्हिजनमध्येही देता येतो आणि कलम १२ प्रमाणे अशा माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. दोष पुसला जात नाही, हे लक्षात ठेवा, पण बाकी सगळं फसलं तर हा आधार नोकरीपुरता मोठा आहे. तेव्हा अर्जातला क्रम असा ठेवा: वय, तडजोड, कबुलीतले दोष, मग समज. वडील आणि भाऊही यात येऊ शकतात. प्रत्येकाचं वकीलपत्र आणि विलंबाचं शपथपत्र वेगळं. वयाचा फायदा फक्त तुमचा.

अर्जांवर जुनं आणि नवं अशी दोन्ही कलमं लिहायला वकिलांना सांगा; नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि नुसत्या क्रमांकावरून आक्षेप निघायला नको. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट नाही.

साक्षांकन नमुना मात्र या सगळ्याची वाट बघणार नाही. "कधी दोषी ठरवलं आहे का" या रकान्यात आज खरं उत्तर "होय" आहे आणि तेच लिहा: केस नंबर, कलमं, तारीख, शिक्षा, आणि रिव्हिजन दाखल केली असेल तर तिचा नंबर. रिव्हिजनमध्ये दोषसिद्धीला स्थगिती मागता येते, पण ती अपवादानेच मिळते, आणि मिळाली तरी माहिती द्यावीच लागते. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फरक नीट मांडला आहे: केस खरी सांगितली असेल तर नेमणूक देणारं कार्यालय ती विचारात घेऊन निर्णय करतं, लपवलेली केस सापडली तर लपवणं हेच नेमणूक रद्द करायचं कारण ठरू शकतं; तरुण वयातल्या किरकोळ केसमध्ये ते माफ करायचं की नाही, हे त्या कार्यालयाच्या मर्जीवर. अठराच्या आतलं वय निघालं तर नमुन्यासोबत जन्मतारखेचा दाखला आणि कलम २४ चा उल्लेख असलेलं एक पानी निवेदन जोडा, पोच घ्या.

आणि ऑर्डर तुमच्या बाजूने झाली की तिच्या तीन सही-शिक्क्याच्या नकला काढा. एक पोलीस ठाण्यात, एक पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या चारित्र्य पडताळणी विभागात, एक नेमणूक देणाऱ्या कार्यालयात, तिन्हीकडे पोच घेऊन द्या. कोर्टाची ऑर्डर पोलिसांच्या नोंदीत आपोआप जाऊन बसेल, असं धरून चालू नका.